कॅमेरा-शंका: मीडियम फॉरमॅट घेतला, आता पुढे?

गेल्या महिन्यात आलेल्या प्रश्नांत अर्ध्याहून जास्त मीडियम फॉरमॅटवरचेच निघाले, म्हणून या वेळी बाकीचे बाजूला ठेवून फक्त तेच घेतोय. साइझचं एकदाच सांगून टाकतो म्हणजे पुढे परत परत नको. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, आणि त्याहून मोठा तो मीडियम फॉरमॅट. फुजीच्या जीएफएक्समध्ये आणि हॅसलब्लाडच्या एक्स सिरीजमध्ये जो सेन्सर असतो तो साधारण ४४ बाय ३३, म्हणजे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या पावणेदोन पटीच्या थोडं खाली. फेज वनच्या १५० मेगापिक्सेलच्या बॅकमधला (बॅक म्हणजे कॅमेऱ्याला मागून जोडायचा सेन्सरचा डबा) ५३ बाय ४०. आणि एक विनंती, प्रश्न पाठवताना शटर, अपर्चर, आयएसओ आणि लेन्स लिहा हो, "फोटो बरोबर येत नाही" एवढ्यावरून मी काय सांगणार.

प्रश्न: सर नमस्कार. १०० मेगापिक्सेलची मिररलेस मीडियम फॉरमॅट बॉडी आणि ११० एमएम एफ/२ लेन्स घेतली, सेकंडहँड पण कंडिशन अगदी नव्यासारखी. पोर्ट्रेट हातात धरून काढतो, १/१२५, एफ/२, आयएसओ १००. स्क्रीनवर १०० टक्के झूम केलं की डोळे सॉफ्ट दिसतात. माझ्या जुन्या २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर असं कधी व्हायचं नाही. लेन्समध्ये फॉल्ट असेल का? विकणारा आता फोनपण उचलत नाहीये.

उत्तर: विकणाऱ्याला तूर्तास सोडून द्या, त्याचा यात हात असेलच असं काही नाही. सगळ्यात जास्त पत्रं याच तक्रारीची आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते १०० टक्के बघणं. तुमची फाइल ११,६४८ पिक्सेल रुंद आहे. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ती १०० टक्के उघडली की अख्खा फोटो सव्वातीन मीटर रुंद पसरलाय आणि त्यातला एक तुकडा तुम्ही हातभर अंतरावरून बघताय असं होतं. जुन्या कॅमेऱ्याची फाइल ६,००० पिक्सेलची, ती तशीच उघडली तर दीड मीटरच्या थोडं वर जाते. म्हणजे तुलना करताना नवीन फोटो जवळजवळ दुप्पट मोठा करून बघताय आणि वर म्हणताय की हा सॉफ्ट आहे. दोन्ही फाइली एकाच साइझला आणा, नवी ५० टक्क्यांवर ठेवा आणि जुनी १०० वर, मग बघा. माझा अंदाज आहे की निम्मी तक्रार इथेच संपेल.

उरलेली निम्मी खरी आहे. १/१२५ कमी पडतंय. फोकल लेंथच्या उलट शटर (११० एमएमला साधारण १/११० सेकंद) ठेवायचा तो जुना नियम फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला, इथे एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे, हात एवढासा हलला तरी दोन-तीन पिक्सेल पुसले जातात. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे ना मग, असं म्हणाल, तर ते तुमचा हात सांभाळतं, समोरच्या माणसाला नाही, आणि उभा माणूस श्वास घेतो, पुढेमागे डुलतो, बोलतो. १/२५० पासून सुरुवात करा, जमलं तर १/५००, आणि आयएसओ ४०० किंवा ८०० करायला अजिबात घाबरू नका. एवढा मोठा सेन्सर घेऊन आयएसओ १०० ला चिकटून बसायचं आणि फोटो हलवायचा यात काय शहाणपण आहे मला कळत नाही.

मग फोकस. दीड मीटरवरून ११० एमएमने एफ/२ ला काढलं तर शार्प दिसणारी जाडी, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, नेहमीच्या हिशेबाने अडीच सेंटिमीटरच्या आसपास येते. पण तो हिशेब प्रिंट नॉर्मल अंतरावरून बघायचा आहे. तुमच्यासारखं पिक्सेलला पिक्सेल लावून बघायचं तर तीच जाडी पाच-सहा मिलिमीटर उरते, पापणी शार्प आणि बुबुळ गेलं एवढी बारीक. आता तुम्ही मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून मग फ्रेम वळवत असाल (लिहिलं नाहीये, पण बहुतेक जण हेच करतात) तर कॅमेरा फक्त १० अंश फिरवला तरी फोकसचं प्रतल डोळ्याच्या मागे सव्वादोन सेंटिमीटर जातं. सहा मिलिमीटरमध्ये बसायचं आहे आणि चूक बावीस मिलिमीटरची, मग कानावरचे केस कुरकुरीत आणि डोळे मऊ येणार नाही तर काय. फोकस पॉइंट जॉयस्टिकने डोळ्यावर नेऊन ठेवा किंवा आय डिटेक्शन लावा (कॅमेरा स्वतःच डोळा शोधतो), आणि एफ/२ चा मोह आवरून एफ/४ ला काढून बघा.

एवढं करूनही शंका राहिलीच तर टेस्ट करा. ट्रायपॉड, सेंटर कॉलम खाली, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, शटर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर (पहिला पडदा न हलवता सेन्सरच एक्सपोजर सुरू करतो, म्हणून धक्का नाही). भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा समोरासमोर सरळ, व्ह्यू मोठा करून हाताने फोकस, एफ/५.६. मधली अक्षरं कोरल्यासारखी आली तर बॉडी-लेन्स ठणठणीत आहेत आणि जे काय आहे ते हातात किंवा सेटिंगमध्ये आहे. चारपैकी एकच कोपरा धूसर आला तर कॅमेरा उलटा करून, म्हणजे डोक्यावर करून, तोच फोटो परत काढा. धूसरपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर लेन्स डिसेंटर झालीये, म्हणजे आतली काच मध्यापासून सरकलीये, सर्व्हिसला पाठवा. तो भिंतीवरच्या त्याच जागेला चिकटून राहिला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता, लेन्स बिचारी निर्दोष.

प्रश्न: १०० मेगापिक्सेलवर प्रॉडक्ट फोटोग्राफी करते. शूटच्या मध्येच टेदरिंग (केबलने कॅमेरा लॅपटॉपला जोडून शूट करणं) तुटतं, दहा-बारा फ्रेम नीट येतात आणि मग लॅपटॉपला कॅमेरा दिसायचाच बंद होतो. क्लायंट शेजारी उभा असतो, फार लाज वाटते. सर्व्हिस सेंटरने दोनदा चेक करून "कॅमेरा ओके" म्हणून परत दिला. आणि टेदरिंगला सॉफ्टवेअर कुठलं वापरू?

उत्तर: बहुतेक ओकेच असेल ताई. टेदर तुटलं की माझा पहिला संशय केबलवर, दुसराही केबलवरच, आणि तिसरा हबवर.

यूएसबी ३ ची साधी केबल साधारण तीन मीटरपर्यंत भरवशाची, त्याच्या पुढे आतमध्ये सिग्नल वाढवणारं सर्किट असलेली अॅक्टिव्ह केबल लागते. दोन केबली जोडून पाच मीटर केले असतील तर तो जोडच तुमचा आजार आहे. आणि टाइप-सीचं टोक बघून फसू नका, फोन चार्जिंगच्या कित्येक केबली दिसायला हुबेहूब तशाच पण आतून यूएसबी २ असतात, त्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी जातात आणि तुमची अनकंप्रेस्ड १६ बिट फाइल २०० एमबीच्या आसपास आहे. एक फ्रेम जायला पाच-सात सेकंद, तोवर तुम्ही आणखी तीन काढल्या, बफर भरलं, सॉफ्टवेअर रुसलं.

तर क्रम असा ठेवा. एक मीटरची चांगली केबल घ्या, हब नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टला. लॅपटॉप चार्जरवर, झोपायची सेटिंग बंद. कॅमेऱ्याचं ऑटो पॉवर ऑफ बंद, बॅटरी फुल. मेनूत यूएसबी मोड टेदर शूटिंगवरच आहे ना बघा, कारण कार्ड रीडर किंवा रॉ कन्व्हर्जनवर राहिला असेल तर लॅपटॉपला कॅमेरा दिसेल पण शूट होणार नाही. आणि कॅमेरा पकडणारं दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर उघडं ठेवू नका, फोटो इंपोर्ट करायला आपोआप उठणारं अॅपसुद्धा, दोघांनी एकदम कॅमेरा मागितला की एकाला तो मिळत नाही. एवढ्यावर पन्नास-साठ फ्रेम सलग गेल्या तर मग एकेक गोष्ट परत आणा, आधी लांब केबल, मग हब. ज्या पायरीला तुटेल तो तुमचा चोर. सगळं एकदम बदललं तर चोर सापडत नाही, नुसता खर्च होतो.

छोटी केबल लावूनही तुटत असेल तर शूट चालू असताना प्लगला हलकेच बोट लावा. कनेक्शन गेलं तर पोर्ट सैल झालाय, आणि तो सैल होतो केबलचं वजन त्यावर लटकून. ट्रायपॉड प्लेटला अडकणारा केबल लॉक मिळतो, छोटीशी गोष्ट आहे पण नाही लावली तर एक दिवस मेनबोर्ड बदलावा लागतो. आणि शूटच्या आदल्या रात्री ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करायची नाही. लॅपटॉप कितीही मागे लागला तरी नाही.

सॉफ्टवेअरचं विचारलंय तुम्ही शेवटी. कॅप्चर वनमध्ये जीएफएक्स आणि फेज वन मस्त चालतात, हॅसलब्लाडच्या एक्स सिरीजला त्यात जागा नाही, तिथे त्यांचं स्वतःचं फोकस वापरायचं (नाव कानाला फोकसच लागतं, काय करणार), आणि ते फुकट आहे.

प्रश्न: स्टुडिओ फ्लॅशवर १/५०० ला फोटोचा खालचा भाग काळा येतो. इतका महागडा कॅमेरा आणि सिंक स्पीड फक्त १/१२५? माझ्या साध्या फुल फ्रेमला १/२०० होता!

उत्तर: बरोबर आहे. सिंक स्पीड म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जास्त शटर स्पीड, आणि तो कमी असण्याचं कारण साधं आहे. पडद्यांचा शटर ३३ मिलिमीटर उंची ओलांडतो, फुल फ्रेममध्ये २४. पडदा मोठा, वजन जास्त, पूर्ण उघडायला वेळ जास्त. १/१२५ च्या पुढे गेलात की फ्लॅश पेटतो तेव्हा एक पडदा आधीच वाटेत आलेला असतो, तोच काळा पट्टा. रेडिओ ट्रिगर थोडा उशीर करतो, त्यामुळे १/१२५ लाही कडेला बारीक सावली दिसली तर १/१०० ला या. बंद खोलीत याने काही बिघडत नाही, तिथे फोटो गोठवतो तो फ्लॅश, शटर नाही.

पंचाईत उन्हात होते. तिथे एक तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच), नाही तर हाय स्पीड सिंक (फ्लॅश एकदाच पेटण्याऐवजी भराभर लुकलुकतो, पॉवर बरीच जाते), नाही तर ज्याच्या लेन्समध्येच लीफ शटर (पाकळ्यांसारखा उघडणारा) आहे अशी सिस्टिम. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्स १/२००० ला, नव्यातल्या काही १/४००० ला फ्लॅश सिंक करतात. उन्हात फ्लॅश हेच तुमचं रोजचं काम असेल तर बॉडी निवडताना मेगापिक्सेलच्या आधी हे बघायला हवं होतं.

प्रश्न: हॅसलब्लाडच्या एक्सवनडीवर जुन्या मॅन्युअल लेन्स अडॅप्टर लावून वापरतो. घरात एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे, आणि चालत्या गाडीतून काढलं तर खांब तिरके. सेन्सर गेला का?

उत्तर: सेन्सर जागेवर आहे. त्या बॉडीत शटर नाहीच मुळी, शटर लेन्समध्ये असतो. तुम्ही शटर नसलेली लेन्स लावली की कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर जातो, म्हणजे सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, आणि त्या पिढीच्या ५० मेगापिक्सेल सेन्सरला सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात खांब पुढे सरकलेला असतो म्हणून तिरका. आणि ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, मग सेन्सर वाचून होईपर्यंत तीसेक वेळा उजेड-अंधार झाला, म्हणून पट्टेही तीसेक. मोजून बघा वाटलं तर.

शटर स्पीड १/५० किंवा १/१०० केलात की प्रत्येक ओळीला दिव्याच्या पूर्ण फेऱ्या मिळतात आणि पट्टे बऱ्यापैकी विरतात, वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. तिरक्या खांबाला मात्र औषध नाही. अशा सेटअपवर स्थिर वस्तू, ट्रायपॉड आणि चांगला सलग उजेड, एवढंच. हलत्या गोष्टींना त्यांची स्वतःची लेन्स लावा.

तुमच्यासारखाच एका वाचकाचा प्रश्न जीएफएक्सवर आहे, की एफ/२ ला १/२००० च्या वर मागचे बोकेचे (फोकसबाहेरच्या उजेडाचे) गोळे कापल्यासारखे येतात. ते इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमुळे. जास्त स्पीडला पूर्ण मेकॅनिकल शटर लावा, जाईल.

प्रश्न: एका स्टुडिओने जुनं सामान काढलं त्यात मला ३९ मेगापिक्सेलची जुनी सीसीडी (जुन्या पद्धतीच्या सेन्सरची) बॅक मिळाली, फेज वनची पी४५ प्लस. टेक्निकल कॅमेऱ्यावर (लेन्स आणि बॅक सरकवता येणारा पूर्ण मॅन्युअल कॅमेरा) लावलीये. तीन अडचणी आहेत. लाँग एक्सपोजर झाल्यावर तेवढाच वेळ बॅक काही करू देत नाही, कधी कधी पहिला फोटो जांभळट येतो, आणि नवीन लॅपटॉपला ती जोडताच येत नाही. ठेवू की काढून टाकू?

उत्तर: अहो ठेवा! असं काही आलं की मला हेवा वाटतो. ४९ बाय ३७ चा सेन्सर आहे तो, आजच्या ४४ बाय ३३ पेक्षा मोठा.

पहिली अडचण ही अडचणच नाही. ही बॅक एक तासापर्यंत एक्सपोजर देऊ शकते आणि त्या काळात ते फार मोठं काम होतं, पण त्यासाठी ती नंतर तितकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळी फ्रेम घेते आणि त्यातला गरम पिक्सेलचा गोंगाट खऱ्या फोटोतून वजा करते. वीस मिनिटांचा फोटो म्हणजे चाळीस मिनिटं. मध्येच बॅटरी काढलीत तर फोटो गेला. रात्री काढणार असाल तर बॅटऱ्या जास्त ठेवा, आणि थंडीत ही बॅक जास्त खूश असते, सेन्सर गार म्हणजे गोंगाट कमी.

दुसरी खरी आहे. टेक्निकल कॅमेऱ्याचा शटर यांत्रिक, त्याला बॅकची खबर नाही आणि बॅकला त्याची नाही. बॅक झोपलेली असते, शटर उडताना सिंक केबलवरून सिग्नल येतो आणि ती धडपडत उठते, तोवर निम्मा उजेड येऊन गेलेला. म्हणून आधी उठवणारा सिग्नल आणि मग शटर अशी दोन टप्प्यांची केबल असते, किंवा मेनूत झीरो लेटन्सी मोड असतो ज्यात बॅक सतत जागी राहते आणि बॅटरी भराभर खाते. केबल मिळत असेल तर केबल घ्या. फ्रेमच्या बरोबर मध्यभागी उभी हलकी रेघ दिसली, दोन बाजूंचा रंग किंचित वेगळा, तर त्यानेही दचकू नका, काही सीसीडी दोन भागांत वाचला जातो आणि दोन्ही भागांचे अॅम्प्लिफायर शंभर टक्के जुळत नाहीत. खाली कलर कास्टवर (फोटोवर येणारी रंगाची झाक) लिहिलंय त्या एलसीसी फ्रेमने बऱ्याचदा हे सुटतं.

तिसरी अडचण फायरवायरची, म्हणजे ही बॅक ज्या जुन्या पोर्टने जोडायची त्याची. नवीन लॅपटॉपवर तो पोर्ट नसतोच, थंडरबोल्टचे अडॅप्टर एकाला एक जोडत गेलं तरी पॉवर पुरत नाही, आणि मॅकओएसच्या २०२५ मधल्या टाहो आवृत्तीत तर फायरवायरचा सपोर्टच काढलाय. यावर दोनच रस्ते. एक, फायरवायर असलेला जुना लॅपटॉप फक्त या बॅकसाठी ठेवा, इंटरनेटला जोडू नका, अपडेट करू नका. दोन, टेदरिंग विसरा, सीएफ कार्डावर काढा आणि रीडरने उतरवा. मी दुसरा घेईन. कार्ड मात्र छोटं वापरा, आजची मोठ्या क्षमतेची कार्डं या वयाच्या मशीनला पचत नाहीत.

आयएसओ ५०-१०० च्या वर जाऊ नका, म्हणजे जाता येतं पण मजा जाते.

प्रश्न: १०० मेगापिक्सेलच्या फाइली उघडल्या की कॉम्प्युटर रडतो. १६ बिट सोडून १४ बिटवर आलो तर क्वालिटी किती पडेल? आणि फोटोशॉप सेव्ह करायला नाही म्हणतो, तो काय प्रकार?

उत्तर: हिशेब मांडा म्हणजे कॉम्प्युटरची दया येईल. ११,६४८ गुणिले ८,७३६ पिक्सेल, प्रत्येकाला तीन रंग, प्रत्येक रंगाला १६ बिटचे दोन बाइट, झाले ६१० एमबी. एका लेयरचे. असे चार लेयर चढवले की अडीच जीबीच्या घरात, आणि पीएसडी फॉरमॅटची मर्यादा आहे २ जीबी, म्हणून फोटोशॉप नाही म्हणतो. पीएसबी म्हणजे लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. टिफला ४ जीबीची मर्यादा आहे हेही लक्षात असू द्या. रॅम ३२ जीबी हे किमान, ६४ असेल तर माणसासारखं काम होतं, आणि स्क्रॅच डिस्क (रॅम संपली की फोटोशॉप वापरतो ती जागा) वेगळ्या फास्ट एसएसडीवर.

१४ बिटमध्ये एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, १६ बिटमध्ये ६५,५३६. ऐकायला प्रचंड फरक आहे, डोळ्याला दिसायला जवळजवळ नाही, कारण वरच्या त्या जास्तीच्या पायऱ्या बहुतेक गोंगाटातच बुडालेल्या असतात. खूप काळोखातून चार-पाच स्टॉप वर ओढायचं असेल तर १६ बिट लावा, लग्न-इव्हेंट-मॉडेल याला १४ बिट लॉसलेस कंप्रेस्ड, विचारही करू नका. सलग शूटिंगला जीएफएक्स तसंही १४ बिटच देतो. कार्ड व्ही९० लिहिलेलं घ्या, ते सेकंदाला किमान ९० एमबी लिहायचं वचन असतं, डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचायच्या स्पीडचा असतो.

प्रश्न: वाइड लेन्स शिफ्ट केली (सेन्सरच्या मध्यापासून बाजूला सरकवली) की फोटोची एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट.

उत्तर: प्रकाश सेन्सरवर फार तिरका पडतोय, पिक्सेलच्या शेजारच्या खणात सांडतोय. दुधी पांढऱ्या अॅक्रेलिकचा तुकडा लेन्ससमोर धरून त्याच शिफ्टवर, त्याच अपर्चरवर, एक फ्रेम काढा, सपाट करडी आली पाहिजे. हीच ती एलसीसी. कॅप्चर वनमध्ये त्यावरून प्रोफाइल बनवून खऱ्या फोटोला लावा, रंगही जातो, कडेचा काळोखही जातो, सेन्सरवरची धूळसुद्धा. शिफ्ट एक मिलिमीटर बदललीत तरी नवीन फ्रेम. कंटाळवाणं आहे, पण आर्किटेक्चरवाले सगळे हेच करतात.

प्रश्न: दादा, मी फोटोग्राफी शिकतोय. जुना ५० मेगापिक्सेल मीडियम फॉरमॅट आता आवाक्यात आलाय. घेऊ की थांबून १०० वाला घेऊ?

उत्तर: तू काय काढतोस ते लिहिलंच नाहीस की रे! सगळं त्यावर आहे. स्टिल लाइफ, लँडस्केप, शांत बसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट हे काढत असशील तर २०१७ चा जीएफएक्स ५०एस आजही उत्तम, पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा असल्याने तो हाताच्या थरथरीला थोडं माफही करतो. पण त्यात ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट डिटेक्शनवर आहे, पुढेमागे चाचपडत फोकस शोधतो, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. फेज डिटेक्शन (न चाचपडता फोकस पकडणारा ऑटोफोकस) आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन या दोन्ही गोष्टी जीएफएक्समध्ये २०१९ च्या १०० मेगापिक्सेल बॉडीपासून आल्या. हॅसलब्लाडकडे २०२२ च्या एक्सटूडीत आल्या, तरी कंटिन्युअस ऑटोफोकस त्यात नव्हता, तो २०२५ च्या एक्सटूडी टूमध्ये दिला. पळणारी मुलं, नाच, खेळ हे तुझं काम असेल तर ५० पण नको आणि १०० पण नको, चांगली फुल फ्रेम घे आणि उरलेले पैसे लाइटवर घाल. लाइटवर घातलेला पैसा बॉडी बदलली तरी टिकतो.

५० वर कापडाचे फोटो काढशील तेव्हा मोइरे दिसेल, बारीक विणीवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा. कॅमेरा थोडा पुढेमागे कर किंवा एफ/११-१६ ला जा. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनचा ठिपका २१ मायक्रॉनवर जातो, चार पिक्सेलएवढा, त्यात विणीचा कडकपणा विरघळतो. नेहमीच्या फोटोत हेच डिफ्रॅक्शन तुझं शत्रू, तिथे एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा.

प्रश्न: आकाशात सगळीकडे काळे ठिपके. स्वतः साफ करू का?

उत्तर: आधी लेन्सवरचे की सेन्सरवरचे ते बघा. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो, लेन्स बदलून परत एक, ठिपके त्याच जागी राहिले तर सेन्सर. कॅमेऱ्यातलं सेन्सर क्लीनिंग दोन-तीनदा चालवा, मग तोंड खाली धरून हाताच्या ब्लोअरने हवा मारा. कॅन्ड एअर नको, त्यातला द्रव उडाला तर डाग कायमचा. तोंडाने फुंकर तर बिलकूल नको. तरीही चिकटून बसलेले असतील तर ओला स्वॅब, पण तो ३३ मिलिमीटर उंचीच्या सेन्सरला पुरेल असाच घ्या, फुल फ्रेमचा २४ चा घेतलात तर मधोमध रेघ राहते आणि पुसता पुसता वैताग येतो. बॅटरी फुल असल्याशिवाय सुरू करू नका, पडदा शटरच्या बॉडीत मध्येच बॅटरी संपली तर पडदा स्वॅबवर येऊन आदळतो.

ठिपके दोन-चारच असतील तर राहू द्या, एडिटिंगमध्ये घालवा.